म्हाळसेच्या पार्टीतले, बाणाईच्या पार्टीतले

म्हाळसेचं खरं की बाणाईचं, याचा निकाल अजून लागायचाच आहे. मार्गशीर्षात नांदेड-लातूर रस्त्यावर, लोहा तालुक्यातल्या माळेगावात खंडोबाची जत्रा भरते. घोड्या-गाढवांचा बाजार, लावणीचे फड, भंडाऱ्याने पिवळी झालेली माती, सगळं असतं. पण वाघ्या-मुरळीने दिमडी-तुणतुण्यावर दोघी सवतींचं भांडण गायला घेतलं की ऐकणाऱ्यांत सरळ दोन तट पडतात. एक म्हातारी पदराआडून म्हणते, “पहिली बायको ती पहिलीच, तिच्यावर सवत आणायचं काय कारण होतं?” लगेच दुसरी फणकारते, “आन् ह्यो बारा वर्सं तिच्या बापाची मेंढरं राखायला गेला, तवा तिनं बोलावलं व्हतं का ह्येला?” मधे बसलेले पुरुष अशा वेळी तंबाखू मळण्यात फार गर्क होतात.

आपल्याकडे देवाला दोन हात जोडायचे आणि मग संसारी माणूस म्हणून त्याचीच उलटतपासणी घ्यायची, यात कुणाला विसंगती वाटत नाही. कथा सगळ्यांना तोंडपाठ. सारीपाटात हरलेला देव घर सोडतो, धनगरवाड्यावर चाकरीला राहतो, बाणाईला घेऊन येतो, आणि घरी म्हाळसा उभीच असते. कथेत बदलायला काही उरलेलं नाही. तरी दरवर्षी भांडण नवं. जेजुरीला तर या वादाची तडजोड दगडात बांधून ठेवली आहे. म्हाळसा वर गडावर देवाजवळ, बाणाई अर्ध्या पायऱ्यांवर तिच्या वेगळ्या देवळात. जागेची वाटणी झाली, पण माळेगावच्या म्हाताऱ्यांना ती मंजूर नाही.

2014 मध्ये ‘जय मल्हार’ ही मालिका टीव्हीवर आली आणि जत्रेतलं भांडण घरोघरी शिरलं. आमच्या घरात मोठ्या काकू म्हाळसेच्या पार्टीत आणि धाकट्या काकू बाणाईच्या. मालिका 2017 पर्यंत चालली. तोवर या दोघींमधलं स्वयंपाकघराचं राजकारण मी बऱ्यापैकी शिकून घेतलं. म्हाळसेवर अन्याय झाला त्या रात्री पोळ्या जाड व्हायच्या. बाणाईला कुणी टोचून बोललं की दुसऱ्या दिवशी धाकट्या काकूंचं डोकं दुखायचं. काका दोघींनाही म्हणायचे, “आगं, ते नट हायत, पैसे घेऊन भांडायलेत.” या विधानाचा उपयोग शून्य. पैसे न घेता भांडणाऱ्यांना ते कसं पटावं?

खरी गंमत व्हायची ती वीज गेल्यावर. तेव्हा आमच्याकडे भारनियमन दिवेलागणीची वेळ बघूनच यायचं. नेमकं म्हाळसेने दाराआडून काहीतरी ऐकलेलं असायचं आणि पडदा काळा. मग दुसऱ्या दिवशी ज्यांच्या गल्लीत वीज होती त्या गल्लीतली एक आत्या पाणी भरायच्या निमित्ताने यायची आणि हुकलेला भाग सांगायची. काय सांगायची! म्हाळसा काय बोलली, बाणाईने कसं तोंड फिरवलं, मधेच देव कसा मान खाली घालून उभा राहिला. पुढे कधीतरी तोच भाग पुन्हा लागला आणि आम्ही बघितला. त्यात आत्याने सांगितलेलं निम्मंही नव्हतं. म्हाळसा जेमतेम दोन वाक्यं बोलून आत गेली होती. धाकट्या काकू टीव्हीकडे बोट दाखवून म्हणाल्या, “ह्यांनी कापलं दिसतंय.” आत्याच्या कथनाबद्दल संशय घ्यायचा असतो हे कुणाच्या डोक्यातही आलं नाही, आणि माझ्या मते तेच बरोबर होतं. आत्याची म्हाळसा मालिकेतल्या म्हाळसेपेक्षा कितीतरी जास्त पटणारी होती.

माणसं पात्रांवरून एवढी का भांडतात, याचं उत्तर मला त्या स्वयंपाकघरात मिळालं. सासूबद्दल बोलता येत नाही, जावेबद्दल बोललं तर चार दिवस अबोला, नवऱ्याबद्दल बोलायचं तर माहेरपर्यंत बातमी जाते. म्हाळसेबद्दल मात्र कितीही बोला. मोठ्या काकूंना जे पंचवीस वर्षं काकांना म्हणायचं होतं ते त्या खंडोबाला म्हणत होत्या. काकांना हे कळत असावं. कारण खंडोबाला बोल लागायला लागला की ते हळूच उठून मोटार बघायला रानात जायचे.

याआधी जातं होतं. टीव्हीला नाही तर जात्याला सांगायचं. पहाटे दळताना बायांनी ज्या ओव्या रचल्या त्यातल्या लाखभर ओव्या गी पॉइतवँ आणि हेमा राईरकर यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावोगाव फिरून गोळा केल्या. त्यात सीतेचा वनवास केवढा तरी आहे. ऋषींच्या रामायणात गावातल्या लोकांच्या बोलण्यावर सीता रानात जाते. बायांना हे कारण पुरेसं वाटलं नसावं, कारण घर मोडायला बाहेरून कुणी यावं लागत नाही हे त्यांना ठाऊक. म्हणून लोककथेत त्यांनी कैकेयीला कामाला लावलं. ती सीतेला म्हणते, रावण दिसायचा कसा, जरा काढून दाखव. सीतेने मान वर करून त्याच्याकडे कधी बघितलंच नव्हतं, तिला दिसला होता फक्त पायाचा अंगठा. ती तेवढाच काढते. उरलेला रावण कैकेयी पुरा करते आणि रामाला नेऊन दाखवते. आता हा अंगठा वाल्मीकींना सुचला नाही. तो सुचायला घरात सासू असावी लागते.

पुरुषांनीही कमी केलं नाही, फक्त त्यांचा कल कसरतीकडे. बारामतीच्या मोरोपंतांनी 108 रामायणं लिहिली. त्यातलं एक ओठाला ओठ न लावता म्हणता येतं, म्हणजे प, फ, ब, भ, म ही अक्षरंच त्यात नाहीत. राम हा शब्द न वापरता रामायण! एवढं प्रेम असल्यावर समोरच्याने घाबरावं की भारावून जावं, मला ठरवता आलेलं नाही.

कर्णाची केस मात्र पुरुषांची. मराठवाड्यात कुठल्याही पारावर जा, अर्जुनाचा माणूस शोधून सापडायचा नाही. 1967 साली शिवाजी सावंतांची ‘मृत्युंजय’ आली आणि तिने कर्णाला स्वतःच्या तोंडाने बोलायला लावलं. नुसत्या कर्णाला नव्हे, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण, शेवटी कृष्ण, सगळ्यांना पाळीपाळीने उभं केलं. 1973 मध्ये रणजित देसाईंनी ‘राधेय’ लिहून पुन्हा त्याचीच वकिली केली. मजा अशी की ‘मृत्युंजय’च्याच वर्षी इरावती कर्व्यांचं ‘युगान्त’ही आलं, आणि त्यात कर्णाला काडीची सवलत नाही. वाचनालयात दोन्ही पुस्तकं जवळजवळ असायची. आमच्या तालुक्याच्या वाचनालयातलं ‘मृत्युंजय’ तिसऱ्यांदा बांधून आणलेलं होतं, पानांचे कोपरे तेलकट, समासात पेन्सिलीने कुणीकुणी “वा!” आणि “कुंती, कुठे फेडशील?” असं लिहिलेलं. ‘युगान्त’ कोरं करकरीत. त्यात कर्णाच्या प्रकरणाशी एकच शेरा होता: “बाईला काय कळतंय.” शेरा लिहिणाऱ्याने पुढचं पान उलटलेलं दिसत नव्हतं.

नांदेडला या वादाला एक मोठा माणूस लाभला होता. नरहर कुरुंदकर, पीपल्स कॉलेजचे प्राचार्य. 1982 मध्ये गेले, वय पन्नासही नव्हतं. ‘व्यासांचे शिल्प’ हे त्यांचं महाभारतावरचं पुस्तक. ‘श्रीमान योगी’ला असलेली त्यांची पत्ररूप प्रस्तावना वाचून तर अनेकांनी कादंबरी नंतर वाचली. शिवाजी महाराज काही कादंबरीतलं पात्र नव्हेत, पण लेखकाला बसवून ‘हा माणूस असा का वागला, याचा तुम्ही विचार केलात का’ असं विचारायची ती रीत बघा. नांदेडात अजून चार प्राध्यापक चहाला जमले आणि महाभारत निघालं की बोलणाऱ्याचा आवाज एक पट्टी वर जातो. असं वाटतं, प्रत्येकाला मागच्या बाकावर कुरुंदकर बसलेत असा भास होत असावा.

वाचकांच्या हट्टापुढे लेखकांनीही हात टेकलेले आहेत. कॉनन डॉयलने 1893 मध्ये शेरलॉक होम्सला मारून टाकलं, लोकांनी त्याचा एवढा पिच्छा पुरवला की 1903 मध्ये त्याला जिवंत करावं लागलं. आपल्याकडे उलटं झालं. ‘होणार सून मी ह्या घरची’मधल्या जान्हवीचं बाळंतपण इतकं लांबलं की लोकांनी विनोद पाठवून पाठवून लेखकांना घाम फोडला. डॉक्टरांनी दिलेली तारीख, डोहाळजेवणाच्या पत्रिका, बारशाच्या वर्गण्या, सगळं घरबसल्या तयार होऊन मोबाइलवरून फिरत होतं.

आता लातूर. वैद्यकीय प्रवेशाच्या तयारीला आलेल्या पोरांचं गाव. क्लास सुटल्यावर चुरमुऱ्याच्या सुशीलाच्या आणि चहाच्या गाड्यांवर जी गर्दी होते त्यात कान देऊन उभं राहावं. तिथे कर्णाची जागा आता इटाचीने घेतली आहे. जपानी ‘नारुतो’मधला हा पोरगा गावाच्या वरिष्ठांच्या सांगण्यावरून एका रात्रीत आपली सगळी भावकी संपवतो, फक्त धाकट्या भावाला सोडतो. तो बरोबर की चूक, यावर तीन पोरं तावातावाने बोलत होती. एकाचं म्हणणं, गावासाठी केलं. दुसरा म्हणाला, “गावाचं काय सांगायलास, भावानं भावाला सांगाय पायजे का नाय?” तिसरा इतका वेळ गप्प होता, तो म्हणाला, “आमच्याकडं बांधावरून भावकी संपायलीच की, त्याला निन्जा कशाला लागतंय.” चौथा वाद थांबवायला त्याची वही घेऊन आला. हृदयाच्या कप्प्यांची आकृती होती त्याच्या मागच्या पानावर ‘वन पीस’मधला लुफी काढलेला. डोक्यावर गवताची टोपी, खाली बारीक अक्षरात ‘कडबा’ असं लिहिलेलं. त्याचं समुद्री चाच्यांचं जहाज मांजरा धरणाच्या भेगाळलेल्या गाळात रुतलेलं, आणि मागून पाण्याच्या टाक्या ओढत रेल्वे चाललेली. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आलं तेव्हा हा पोरगा फार तर दुसरी-तिसरीत असेल. जहाजाचं सुकाणू त्याने नांगराच्या रुमण्यासारखं काढलं होतं. जपानच्या चित्रकाराला हे दाखवलं तर तो काय म्हणेल कोण जाणे. माझ्या मते त्याने वही मागून घ्यावी.

या गावाचा वास मराठी पात्रांनाही लागतोच. भा. रा. भागवतांचा फुरसुंगीचा बनेश फेणे, ‘ट्टॉक्’ करून जग जिंकणारा शाळकरी पोरगा. 2017 मध्ये त्याच्यावर चित्रपट निघाला तेव्हा निर्माते होते लातूरचे रितेश देशमुख. त्यात फेणे मोठा झालेला, आणि पुण्याला कशासाठी येतो? वैद्यकीय प्रवेश परीक्षेला! लातूरच्या माणसाने पैसा घातल्यावर तो दुसरं करणार तरी काय. जुन्या वाचकांनी कुरकुर केली, सायकल कुठाय, शाळा कुठाय. पण त्यात दिलीप प्रभावळकर स्वतः भागवत होऊन येतात आणि आपल्याच पात्राला घरात ठेवून घेतात, तेव्हा माझी कुरकुर तिथेच संपली.

माझी भाची नांदेडला राहून याच परीक्षेची तयारी करते. तिने मोबाइलवर एक दीर्घ कथा चालवली आहे. त्यात राजपुत्रांच्या शस्त्रपरीक्षेत कर्णाला बघून कुंती मूर्च्छित पडत नाही. ती उठून उभी राहते आणि भर सभेत सांगते, हा माझा पोरगा. तिथून पुढचं महाभारत नव्याने. दर रविवारी एक प्रकरण, आणि वाचणाऱ्यांच्या धमक्या की कर्णाला काही झालं तर बघ. भाचीच्या आईला, म्हणजे माझ्या बहिणीला, हे कळलं तेव्हा घरात जे झालं ते सांगण्यासारखं नाही. मोबाइल जप्त झाला. दोन दिवसांनी रात्री बहिणीच्या खोलीत उजेड दिसला म्हणून मी डोकावलो तर बाईसाहेब जप्त केलेल्या मोबाइलवर चौदावं प्रकरण वाचत होत्या.

सकाळी तिने पोरीला समोर उभं केलं. “हे काय केलंस? कुंती एवढी बोलली, दुर्योधन बोलला, आणि वृषालीच्या वाट्याला दोन वाक्यं? नवऱ्याला एकदम पाच भाऊ मिळाले, राज्य मिळालं, तिला कुणी इचारलं का, सासू बदलायली तुझी, चालंल का म्हणून?”

भाची म्हणाली, “पुढच्या प्रकरणात घेते, मम्मी. मोबाइल दे.”

“आधी टेस्टमध्ये सहाशे आण. मग वृषालीचं घे, मग युद्धाचं बघू.”

भाचीने मैत्रिणीच्या मोबाइलवरून वाचकांना कळवलं आहे की कौरव-पांडवांचं युद्ध काही अपरिहार्य कारणामुळे नीटच्या निकालापर्यंत पुढे ढकलण्यात आलं आहे.