गुडघ्याला कसरत, तीही बशीत!

"काय वं वहिनी, समोरच्या अण्णांनी अंथरूणच धरलंय म्हणे. जेवढं बसू तेवढा गुडघा टिकेल म्हणतात."

"टिकला मग! माझा भाचा धुळ्याच्या मेडिकल कॉलेजात आहे ना, तो सांगत होता. कूर्चेत रक्तवाहिनीच नसते. चालताना ती दबते, सुटते, त्यानं सांध्यातलं पाणी आतबाहेर खेळतं आणि त्यावरच पेशी जगतात."

"कूर्चा म्हणजे मटणात कुरकुर लागते ती?"

"तीच! आता ती प्रयोगशाळेत वाढवतात, काकू. पण पेशी जेलीत घालून बशीत नुसत्या ठेवल्या तर कूर्चा पिचपिचीत राहते. म्हणून तिला यंत्रानं दाबायचं. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात मॉक, हंग, अतेशियान या मंडळींनी 2000 साली गुरांच्या पेशींवर करून दाखवलं. सेकंदाला एकदा दाब, तोही जाडीच्या 10 टक्केच. तासभर दाब, तासभर आराम, असं दिवसातून तीनदा. आठवड्याचे 5 दिवस."

"शनिवार-रविवार सुट्टी? सरकारी नोकरीच की!"

"अन् 28 दिवसांनी न दाबलेल्या तुकड्यांपेक्षा 6 पट कणखर!"

"माय वं! उडदाचं पीठ कुटल्याशिवाय पापड लाटता येत नाही, तसंच झालं हे. मग दिवसभर दाबूनच ठेवायचं ना?"

"तिथंच गंमत आहे. एकसारखं दाबून धरलं की पेशींचं काम उलट मंदावतं. दाबसोड हवी. आणि भारच नसला तर? 1996-97 मध्ये रशियाच्या मीर अंतराळस्थानकात 4 महिने कूर्चा वाढवली. पृथ्वीवरच्या जुळ्या तुकड्यांपेक्षा ती लहान, गोलमटोल आणि लेचीपेची निघाली."

"आपल्याकडे मिळते का गं अशी?"

"यंत्रानं दाबलेली नाही. पण मुंबईच्या रीग्रो कंपनीच्या उपचाराला 2017 मध्ये मंजुरी मिळालीय. रुग्णाच्याच पेशी काढायच्या, वाढवायच्या आणि गुडघ्यात परत सोडायच्या. मात्र कूर्चेला एखाद्या जागी खड्डा पडला असेल त्यासाठी. अख्खा सांधा झिजला असेल तर नाही. आणि पेशी सोडल्यावर व्यायाम करत हळूहळू भार द्यावाच लागतो."

"म्हणजे लाखाचा उपचार घ्या, चालणं काही चुकत नाही. अण्णांना सांगणार कोण पण?"

"तुम्हीच सांगा, तुमचा शब्द मानतात."

"सांगते, पण आधी डॉक्टरांना विचारा म्हणेन. नाहीतर उद्या गुडघा ठणकला की माझ्याच नावानं बोटं मोडतील!"