दोन घरं पुढं

आमच्या सातारा-सांगलीकडं 'सेटिंग' या शब्दाला मोठा मान आहे. सोसायटीच्या निवडणुकीपासून बदलीपर्यंत सगळं सेटिंगवर चालतं, असं पानटपरीवर उभा राहिलेला कुठलाही माणूस सांगेल. त्यामुळं विश्रामबागेतला माझा भाचा रात्री एक वाजता फोनवर "सेटिंग दोन घरं पुढं घे लगा, मग मागनं सुटणार न्हाई" असं म्हणाला, तेव्हा माझ्या बहिणीला घाम फुटला. तिला वाटलं, पोरगं राजकारणात गेलं. ते व्हिडिओ गेममधल्या मोटारीच्या ब्रेकबद्दल बोलत होतं हे कळल्यावर तिला आधी बरं वाटलं, आणि मग आणखीच वाईट वाटलं.

हा काही एकटा नाही. प्रत्येक गल्लीत असा एक सेटिंगवाला आहे. त्याला शर्यत जिंकण्यात फारसा रस नसतो. गाडी बरोबर थांबली पाहिजे, एवढंच त्याचं म्हणणं. ग्रॅन टुरिझ्मो नावाचा जपानी खेळ १९९७ साली आला तेव्हा माझा भाचा जन्मलासुद्धा नव्हता. आता त्या खेळाच्या एका पट्टीवर त्याचा संसार चाललाय. मधे शून्य, पाच घरं पुढं, पाच घरं मागं. ब्रेकचा जोर पुढच्या चाकांवर किती आणि मागच्यांवर किती, ते ही पट्टी ठरवते. मिरजेतले कारागीर तंबोऱ्याची जवारी काढताना घोडी केसभर घासतात, तार छेडतात, पुन्हा घासतात. हा तसाच. एकच वळण चाळीस वेळा घेतो, दर वेळी एक घर इकडं नाहीतर तिकडं. फक्त याच्या तंबोऱ्यातून गाणं निघत नाही, टायर किंचाळतात.

एबीएस लावून खेळणाऱ्याला तो माणसात धरत नाही. पाठीला डबा बांधून कृष्णेत उतरणाऱ्याच्या रांगेत त्याला बसवतो. आणि पावसाळ्यात सांगलीकर जशी आयर्विन पुलाजवळची पातळी फूट-इंचांत सांगतो, तसे हा बारा महिने आकडे सांगत असतो. जर्मनीतल्या नॉर्डश्लाइफ या वीस किलोमीटरच्या शर्यतमार्गाचं वळण न् वळण त्याला पाठ आहे. तो रस्ता १९२७ चा. "म्हणजे आपल्या आयर्विनपेक्षा दोनच वर्षांनी थोरला," असं तो घरचं नातं लावल्यासारखं सांगतो.

एका खेळात ही पट्टीच उलटी चालते, पुढं सरकवली की जोर मागं जातो, असं त्याचं ठाम मत. त्याच्या मित्राचं मत, पट्टी सुलटी आहे, डोकं उलटं आहे. तीन महिने दोघं बोलत नव्हते. गणपतीच्या देवळासमोर गाठ पडली तरी एक डावीकडं बघायचा, एक उजवीकडं.

इथवर ठीक होतं. पण गेल्या दिवाळीत मी त्याला आणायला सांगलीला गेलो आणि येताना तो माझ्या शेजारी बसला. माझी गाडी अकरा वर्षांची. पेठ नाक्यापर्यंत तो डॅशबोर्ड चाचपत होता.

"मामा, ह्यात बॅलन्सचं बटण कुठंय?"

"कसला बॅलन्स?"

"ब्रेकचा. फॉर्म्युला वनच्या गाड्यांना स्टिअरिंगवरच असतंय."

माझ्या गाडीच्या स्टिअरिंगवर फक्त हॉर्न आहे, तोही डावीकडून दाबला तरच वाजतो. मग त्यानं हिशेब मांडला. डिकीत हळदीचं पोतं, भडंगाच्या पिशव्या, बहिणीनं दिलेला फराळाचा डबा. वजन मागं. ब्रेक मारला की वजन पुढं धावतं, पुढची चाकं रस्त्याला चिकटतात, मागची हलकी होतात. मागची आधी अडकली तर गाडी गरकन फिरते, पुढची अडकली तर स्टिअरिंग फिरवूनही नाकासमोर जाते. हे सगळं खरं आहे. सायकलचा पुढचा ब्रेक दाबून जो एकदा हँडलवरून पुढं पडलाय, त्याला हे शास्त्र दातांनिशी माहीत असतं. पण कराडजवळ त्यानं त्याच्या मामीला मागच्या सीटवरून उठवून मधोमध बसवलं, मग उजवीकडं सरकवलं, आणि मामीनं उंब्रजपर्यंत तोंडातून शब्द काढला नाही. नंतर जे काढले ते इथं लिहिता येत नाहीत.

साताऱ्यात आमच्या मेस्त्रींना त्यानं तीच मागणी केली: जोर दोन घरं पुढं घ्या. मेस्त्रींनी चाक काढलं, फुंकर मारली. "मागचं लायनर संपलंय. बसवू का?" एवढंच. यवतेश्वरच्या घाटात एसटीच्या ड्रायव्हरलाही सांगून झालं. ते म्हणाले, "घाट ब्रेकवर उतरायचा नसतो पाव्हणं, गिअरवर उतरायचा. ब्रेक तापला की ना पुढं लागतोय ना मागं." ते वाक्य मात्र त्यानं वहीत लिहून घेतलं. वही आहे. गाड्यांच्या नावांची, आकड्यांची, दोनशे पानी.

त्या वहीतल्या रकान्यांचीच खरी गंमत आहे. ती कळायला थोडं मागं जावं लागेल. सर्वोच्च न्यायालयानं २०१४ साली बैलगाडी शर्यतींवर बंदी आणली आणि डिसेंबर २०२१ मध्ये परवानगी दिली. मधल्या सात वर्षांत आमच्या आबांना पुसेगावच्या यात्रेत शर्यत दिसेना. मग ते सुट्टीत आलेल्या नातवाच्या मागं बसून टीव्हीवरची बघायचे. मोटारीला बैल नाहीत एवढा एक दोष त्यांनी पोटात घातला होता. एका रात्री भाच्याची लाल गाडी एकाच वळणावर सारखी शेपूट फिरवून गवतात जात होती. अकरा वेळा गेली. आबा बारीक डोळे करून बघत होते.

"उलाळ हाय गाडी."

"काय?"

"मागं जड. धुरजड कर. थोडं पुढं घे."

उभ्या हयातीत आबांनी एकच सेटिंग केलं: गाडीतली उसाची मोळी वीतभर पुढं ओढायची, नाहीतर मागं. मागं झुकली की उलाळ, बैलांच्या मानेवर आली की धुरजड. ओझ्याचं शास्त्र वेगळं, ब्रेकचं वेगळं, हे भाच्याला समजावून सांगायचं होतं. पण रात्र झाली होती आणि तो थकला होता. त्यानं पट्टी दोन घरं पुढं सरकवली. गाडी वळणातून अशी निघाली, जशी लोण्यातून सुरी.

आबा उठून झोपायला गेले.

त्या रात्रीपासून वहीत 'फ्रंट' आणि 'रिअर' हे रकाने खोडले गेले. परवा मी सांगलीला मुक्कामी होतो. रात्री पाणी प्यायला उठलो तर भाचा कानाला हेडफोन लावून ब्राझीलमधल्या कुठल्याशा पोराला कळवळून सांगत होता, "नो नो ब्रदर, टू मच उलाळ! लिटल धुरजड, प्लीज!"

आणि पलीकडून, मोडक्यातोडक्या उच्चारात, उत्तर आलं: "ओके. धुर्जाद. हाऊ मेनी?"