टर्नटेबलवर वाद कसा घालावा? वाळूजच्या नवशिक्यांसाठी प्राथमिक मार्गदर्शन

पात्रता

वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत पहिली शिफ्ट सुटल्यावर बजाजनगरात किंवा रांजणगावात चहाच्या गाड्यावर अर्धा तास उभं राहता येणाऱ्या कोणालाही हा वाद घालता येतो. विषय एकच : जुन्यातलं कोणतं टर्नटेबल 'आयकॉनिक' म्हणवून घ्यायच्या लायकीचं? स्वतःकडे टर्नटेबल असण्याची अट नाही. असलंच तर बोलू नका. लोक ऐकायला घरी येतात आणि चांगला रंगलेला वाद तिथंच मिटतो.

साहित्य

कटिंग चहा, लागेल तसा. टूलरूममधला एक माणूस. भाऊ न्यू जर्सीला असलेला एक. आणि ज्याच्या काकांचा गंगापूरला मंडप-लाऊडस्पीकरचा धंदा होता असा एक. आपण धरून चौघं जमल्याशिवाय तोंड उघडू नये.

पायरी 1 : आकडे पाठ करा

कंपनीचं नाव घेतलं की माणूस नवखा ठरतो. जाणकार नुसता आकडा टाकतो. 'तीनशे एक' म्हणजे इंग्लंडातल्या स्विंडनचं गॅरार्ड 301, साल 1954. 'एकशे चोवीस' म्हणजे स्वित्झर्लंडचं थोरेन्स टीडी 124, साल 1957. 'बाराशे' म्हणजे जपानचं टेक्निक्स एसएल-1200, साल 1972. अमेरिकेच्या एडगर विल्चर यांच्या 1961 च्या एआर एक्सएला आकडाच नाही. त्याचं नाव घेऊन गप्प बसावं, समोरचा आपोआप बिचकतो.

पायरी 2 : पक्ष निवडा

पक्ष तीन आहेत, आणि चौथा मधला. गॅरार्डमध्ये मोटरचं फिरणं रबरी चाकामार्फत थाळीच्या आतल्या कडेला मिळतं. ताकद दांडगी, पण मोटरची घरघरही सोबत येते, आणि यंत्र बरेच दिवस चाक दाबलेल्या स्थितीत पडून राहिलं तर रबराला खळगा पडून थडथड सुरू होते. एआरमध्ये पट्टा आहे, आणि थाळी व सुईचा आर्म दोन्ही स्प्रिंगांवर तरंगतात, म्हणून घरात कोणी आपटत चाललं तरी सुई उडत नाही. टेक्निक्समध्ये थाळी थेट मोटरवरच बसते. पट्टा नाही, चाक नाही. थोरेन्समध्ये पट्टा आणि चाक दोन्ही आहेत. तो पक्ष दोन्ही डगरींवर हात ठेवणाऱ्यांसाठी राखीव.

विरोधकांना द्यायची उत्तरं ठरलेली आहेत. चाकवाल्याला म्हणावं, 'घरघर ऐकू येते.' पट्टेवाल्याला, 'पट्टा सैल पडला की काय करणार?' थेटवाल्याला, 'ते डिस्कोवाल्यांचं यंत्र.' यावर तो न्यूयॉर्कच्या डीजेंचा दाखला देईल : हाताने रेकॉर्ड पुढंमागं ओढली तरी बाराशेचं काही बिघडलं नाही. हा मुद्दा खरा आहे. मान्य मात्र करू नका, चहा सांगा.

पायरी 3 : ग्रीस की ऑइल

टूलरूमवाला गप्प असेल तर हा विषय काढावा. गॅरार्ड 301 च्या सुरुवातीच्या यंत्रांत मुख्य बेअरिंगला ग्रीस होतं, पुढच्यांत ऑइल आलं. जगभरचे शौकीन यावरून भांडतात आणि ग्रीसवाल्याला जादा पैसे मोजतात. वाळूजमध्ये हा शौकाचा भाग नाही, रोजीरोटीचा आहे. टूलरूमवाला चहाचा ग्लास खाली ठेवेल, पेन मागेल आणि बिस्किटाच्या कागदावर स्पिंडल, बुश आणि खालचा बॉल काढून रनआउट, म्हणजे फिरताना स्पिंडल किती डगमगतो ते, समजावू लागेल. वीस मिनिटं निघाली समजा.

पायरी 4 : न्यू जर्सीचा डाव

भाऊ तिकडून टर्नटेबल घेऊन आलाय, हे वाक्य आलं की विचारावं, 'व्होल्टेजचं काय केलं?' तो अभिमानाने सांगेल, 'ट्रान्सफॉर्मर लावला.' मग शांतपणे विचारा, 'आणि हर्ट्झचं?' अमेरिकेत वीज 60 हर्ट्झची, आपल्याकडे 50 ची. एआरसारख्या यंत्राची सिंक्रोनस मोटर हर्ट्झवर चालते. ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज उतरवतो, हर्ट्झ बदलत नाही. मोटरवरची पुली बदलली नाही तर मिनिटाला सव्वातेहेतीसच्या आसपास फिरणारी रेकॉर्ड पावणेअठ्ठावीसवर येते. सूर जवळजवळ तीन अर्धस्वर खाली उतरतो. काळी चारात गाणाऱ्या बाई पांढरी चारात गायला लागतात आणि 'आलाप केवढा भारदस्त' म्हणून घरचे माना डोलावतात.

पायरी 5 : गंगापूरला बोलू द्या

आता काकांच्या पुतण्याकडे वळा. त्याचा उमेदवार ठरलेला नसतो, कारण काकांच्या यंत्रावरचं नाव हाताळून हाताळून पुसलं गेलेलं होतं. घरी फार तर एचएमव्हीचं फिएस्टा, पेटीसारखं उचलून नेता येणारं. मंडपात मात्र ते बिननावाचं यंत्र धुळीत, डगमगत्या टेबलावर, जनरेटरच्या विजेवर चाले. जनरेटर दबला की नवरीची पाठवणी आणखी हळू होई. सुई उडू नये म्हणून आर्मच्या टोकावर पावली ठेवलेली असे. ते नाणं अडीच ग्रॅमचं. हायफायवाले सुईवर जेमतेम दोन ग्रॅम भार देतात, म्हणजे काकांची नुसती पावलीच त्याहून जड. पोलिडॉरची 'शोले'च्या संवादांची रेकॉर्ड त्या पावलीखाली किती उन्हाळे टिकली, हे तो तासभर सांगेल. मध्ये बोलू नका.

पायरी 6 : वाळूजची कसोटी

आता निकाल. ब्राउनचं एसके 4 (1956) आणि बँग अँड ओलुफसेनचं बिओग्राम 4000 (1972) न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात आहेत, असं कोणीतरी म्हणेलच. म्हणू द्या. 1985 ला इथं बजाजचा कारखाना सुरू झाला आणि त्याला पार्ट पुरवणाऱ्या शेड उभ्या राहिल्या. तेव्हापासून इथं यंत्राला एकच प्रश्न विचारतात : पार्ट मिळेल का?

गॅरार्डचं चाक रबरवाला पुन्हा चढवून देतो, बुश लेथवर निघतो; पास. बिओग्रामचा आर्म इलेक्ट्रॉनिक्सच्या भरवशावर सरळ रेषेत सरकतो, ते बसलं की उरते शोभेची वस्तू, नापास. टेक्निक्सने 2010 ला बाराशे बंद केलं, 2016 ला परत आणलं, तेव्हा जुन्या टूलिंगपैकी बरंचसं वापरण्याजोगं राहिलं नव्हतं, नव्याने करावं लागलं. हे ऐकून टूलरूमवाला पहिल्यांदाच हळहळतो. सहानुभूतीचे मार्क देऊन पास.

हे करू नये

'रेकॉर्डचा आवाज उबदार असतो' म्हणू नये. एप्रिलमध्ये वाळूजला ऊब कोणालाच नको असते. आजोबांची 78 ची तबकडी एलपीच्या सुईवर लावू नये. एलपीच्या सुईच्या टोकाची त्रिज्या फार तर 25 मायक्रॉन, 78 ला लागते सुमारे 75; बारीक सुई खाचेच्या तळाशी घासत जाते.

शंका-समाधान

'माझं टर्नटेबल खरंच बंद पडलंय, काय करू?' वाद सोडा, घासलेला बुश खिशात घाला आणि जॉबवर्कच्या शेडमध्ये जा. आयकॉनिक कोणतं ते तिथला माणूस सांगणार नाही. टॉलरन्स किती ठेवायचा, एवढंच विचारेल.