पसरणीच्या घाटातील चौकशी

सेवानिवृत्त मामलेदाराने अँबॅसिडर बाळगावी, यात नवल असे काही नाही. ज्या गाडीचे दार आपण कलेक्टरसाहेबांसाठी हयातभर उघडले, तिच्या मागच्या आसनावर पेन्शनीत का होईना, रेलून बसावे, ही वासना महसूल खात्यातील पुष्कळांच्या अंतःकरणात सुप्तावस्थेत असते. आमच्या रावसाहेबांची अडचण एवढीच, की ड्रायव्हरचा पगार पेन्शनीत बसत नसल्यामुळे गाडी त्यांनाच हाकावी लागे, आणि मागच्या आसनाचे ऐश्वर्य माझ्यासारख्या बिगरहुद्देदाराच्या वाट्याला येई.

पाचगणीस निघण्यापूर्वी त्यांनी या 1489 सीसीच्या वृद्ध गाडीत इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवून घेतले होते, आणि कात्रज ओलांडल्यापासून त्या विषयावरील त्यांचे निरूपण अखंड चालू होते. ते म्हणत त्यात तथ्य होते. बॅटरीच्या बारा व्होल्टांचे वीस हजार व्होल्ट करून ठिणगी पाडायची, तर कॉइलमधला प्रवाह नेमक्या क्षणी तोडावा लागतो. आणि चार सिलिंडरांचे इंजिन मिनिटाला तीन हजार फेरे घेत असता, हे तोडण्याचे काम डिस्ट्रिब्युटरच्या डब्यातील दोन इवल्याशा पॉइंटांना मिनिटास सहा हजार वेळा करावे लागते. सहा हजार वेळा उघडझाप करणारा कारकून झिजणार, त्याच्या तोंडावर काजळी धरणार, त्याचे अंतर बिघडणार, हे ओघानेच आले. त्यांच्या जागी शाफ्टवर चुंबकांचे कडे आणि शेजारी एक काळी डबी बसवली की झाले: एडविन हॉलने 1879 साली जो चुंबकीय परिणाम शोधला, त्याच्या बळावर ही डबी कशालाही स्पर्श न करता प्रवाह तोडते. “स्पर्श नाही म्हणजे झीज नाही, आणि झीज नाही म्हणजे तक्रार नाही!” असे रावसाहेब शिरवळ येईपर्यंत सांगत होते. खंबाटकीच्या घाटात गाडीने दोनदा ठसका दिला, तो त्यांनी दप्तरी दाखल करून घेतला नाही.

वाईस ढोल्या गणपतीचे दर्शन घेऊन आम्ही पसरणीचा घाट चढू लागलो. तिसऱ्या गिअरातून दुसऱ्यात उतरून रावसाहेबांनी ॲक्सिलरेटर दाबला, त्याबरोबर गाडी आचका देऊन, जिथे रस्ता सर्वांत अरुंद आणि देखावा सर्वांत विस्तीर्ण आहे अशा वळणावर, गप्प झाली.

घाटात बंद पडलेल्या गाडीभोवती माणसे कोठून जमतात, हे मला आजवर उमगलेले नाही. एक ट्रकचा क्लीनर, एक कणीसवाला आणि एक मुंबईकर कुटुंब बोनेटभोवती उभे राहिले, व सर्वांनी एकमुखाने ‘व्हेपर लॉक’ असा निकाल देऊन पेट्रोलपंपावर ओले फडके गुंडाळले. ते फडके रावसाहेबांच्या पत्नीच्या, म्हणजे आमच्या वहिनींच्या, डब्याचे होते. त्याचा वास पुढे पाचगणीपर्यंत टिकला. खाली वाई दिसत होती, जिथे तर्कतीर्थांनी मराठी विश्वकोशाचे कार्यालय थाटले, आणि तिच्या डोक्यावर आमच्या एवढ्या जमावात पदरी एकही खात्रीलायक माहिती नव्हती.

अर्ध्या तासाने ट्रकवाल्याच्या निरोपावरून वाईहून मोटरसायकलवर एक मिस्त्री आले. कृश, मितभाषी, कानामागे पेन्सिल. त्यांनी येताच सर्वप्रथम किल्ली फिरवून बंद केली. “साहेब, इंजान बंद आन किल्ली चालू ठिवली तर कॉइल तापती आन ह्यो डबा बी जळतुया,” एवढेच बोलून ते कामास लागले. रावसाहेबांनी मात्र चौकशीचे अध्यक्षपद सोडले नाही. एकेका पुर्ज्याची जबानी त्यांनी आपल्या परीने लिहून घेतली. कार्ब्युरेटरची नळी काढताच पेट्रोल भळभळले: निर्दोष. कॉइलमधून निघणारी जाड वायर इंजिनापासून दोन सुतांवर धरून सेल्फ मारला, ठिणगी नाही. कॉइलच्या अधिक टोकावर टेस्ट लॅम्प लावला, तो लख्ख पेटला: बॅटरी आणि किल्ली हजर. उणे टोकावर लावून सेल्फ मारला, तर वास्तविक तो लुकलुकावयास हवा, कारण तिथेच प्रवाह जोडला-तोडला जातो. पण तो मठ्ठासारखा एकसारखा जळत राहिला.

“म्हणजे आरोपी सापडला,” रावसाहेब अत्यंत विषादाने म्हणाले, आणि नव्या डबीस जागच्या जागी निलंबित करून त्यांनी डिकीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेले जुने पॉइंट व कंडेन्सर बाहेर काढले. पेन्शनरास कंत्राटी पुनर्नियुक्ती मिळावी तसे ते जुने पुर्जे डब्यात बसले. मिलिमीटरचा चार-दशांश अंतर मोजावयास फीलर गेज सापडेना, तेव्हा रावसाहेबांच्या पाकिटातील, हुद्द्यासह छापलेले जाडसर व्हिजिटिंग कार्ड पॉइंटांच्या मधून सरकवण्यात आले, आणि त्या हुद्द्याचा इतका प्रत्यक्ष उपयोग बहुधा प्रथमच झाला. सेल्फ मारला. गाडी चालू झाली नाही. लॅम्प पूर्ववत मठ्ठ.

येथे मिस्त्री प्रथमच हसले. “नवा माल बी बेस हाय साहेब, आन जुना बी. दोघं ज्या पाटावर बसत्यात, त्यो पाटच अधांतरी हाय.” डब्यातील हा पत्र्याचा पाट स्थिर नसतो, इंजिनातील व्हॅक्यूमच्या ओढीने तो किंचित फिरतो व ठिणगीची वेळ पुढेमागे करतो. सपाटीवर तो एका जागी राहतो. घाटात ॲक्सिलरेटर दाबला की ओढ नाहीशी होते आणि पाट मागे सरकतो. त्याचा गाडीच्या बॉडीशी संबंध जोडणारी बोटाच्या पेराएवढी एक मऊ अर्थवायर असते. मिस्त्रींनी ती चिमट्यात धरून ओढली, तर ती रबरासारखी ताणली गेली: वरचे वेष्टन शाबूत, आतले तांब्याचे तंतू तुटलेले! वर्षानुवर्षे इकडेतिकडे वाकून ते एकेक करीत गेले होते, आणि उरलेसुरले, माझा तर्क असा, की नवी डबी बसवताना झालेल्या हाताळणीत संपले. काळ्या डबीला अर्थ मिळतो तो याच पाटातून. पण तिच्या सोबत आलेल्या कागदावर या वायरीचा एका अक्षराने उल्लेख नव्हता. नवी यंत्रे जुन्या गाड्यांना विकणारे लोक शेजाऱ्यांची चौकशी करीत नाहीत, ही माझी जुनी तक्रार आहे.

मिस्त्रींनी बारीक तंतूंच्या वायरीचा तुकडा, पाट फिरताना ताण पडू नये म्हणून मुद्दाम सैल ठेवून, दोन्हीकडे स्क्रूखाली आवळला. पॉइंट काढून डबी पुन्हा बहाल केली. लाल वायर कॉइलच्या अधिकाला, काळी उण्याला. पहिल्याच सेल्फला गाडी गुरगुरली. कणीसवाल्याने टाळ्या वाजवल्या व उरलेली कणसे आम्हासच विकली.

विजयाच्या भरात रावसाहेबांनी रेडिओ लावला. बातम्यांऐवजी त्यातून भजी तळल्याचा आवाज येऊ लागला, आणि ॲक्सिलरेटर दाबावा तसतशी कढई अधिक तापू लागली. मिस्त्रींनी खिडकीतून डोकावून प्लगच्या वायरींकडे बोट दाखवले: ह्या साध्या तांब्याच्या आहेत, यांचा त्रास रेडिओला होतो तसा एखादे वेळी डबीलाही होऊ शकतो, कार्बनच्या घाला. रावसाहेबांनी क्षणभर विचार केला, वहिनींकडे पाहिले, आणि तो विषय प्रस्तुत चौकशीच्या कक्षेत येत नसल्याचे सांगून रेडिओ बंद केला.