यादीत माझं नाव कुठंय?

अहो वैनी, जरा भिंतीपाशी या की. आमच्या ह्यांनी काय केलंय माहितीय? स्वतःच्या मयताची यादी! पेन्शनच्या फायलीत, वर ‘माझ्या पश्चात’ असं लिहून खाली दोन रेघा. मी वीजबिल शोधत होते, तर हे हाती लागलं.

हसताय काय? ऐका तर. पहिलंच कलम, फ्लेक्स लावायचा नाही. गाडीतळापासून ससाणेनगरपर्यंत हात जोडलेले आजी-माजी, भावी सगळे, आणि गेलेला माणूस कोपऱ्यात तिकिटाएवढा, ते नको म्हणे. दशक्रियेला भाषणं नकोत. हे मात्र मला पटलं. परवाच्या दहाव्याला बघितलंत ना? तिकडं कावळा शिवेना आणि इकडं पुढारी माईक सोडेनात. मयताला उभ्या जन्मात न भेटलेला माणूस म्हणतो, ‘आमचे घरचे संबंध!’ निवडणूक जवळ आली की श्रद्धांजलीलाही ऊत येतो बाई. आणि फोटो कुठला लावायचा, तर लग्नातला. तेव्हा केस होते ना!

नाही हो, अंत्यविधी करणाऱ्या कंपनीबिंपनीला पैसे नाही भरले. तशी निघालीय म्हणा मुंबईत एक, ‘सुखांत’ नावाची. २०२२ साली दिल्लीच्या व्यापार मेळ्यात तिनं तिरडी सजवून स्टॉल मांडला होता, मोबाईलवर फिरत होतं तेव्हा. ३७,५०० रुपये आधी भरायचे होते तेव्हा, मग भटजी, न्हावी, खांदेकरी, अस्थी सोडणं, सगळं तीच बघणार. आपल्याकडं मयताला अख्खी आळी लोटते, म्हणून आपण हसतो. पण तिकडं मगरपट्ट्यात बाराव्या मजल्यावर दोघंच म्हातारी, पोरं परदेशात, त्यांनी चार खांदे कुठून आणायचे? मी तरी नावं नाही ठेवणार.

ह्यांना हे खूळ लागलं फुलेवाड्यावर. जयंतीला गेले होते, तिथून डोक्यात भरवून आले. जोतिरावांनी म्हणे १८८७ च्या मृत्युपत्रातच सांगून ठेवलं होतं, मला जाळू नका, मीठ घालून पुरा. गंज पेठेतल्या घरामागं खड्डासुद्धा खणून घेतलेला! १८९० च्या नोव्हेंबरात गेले, तर नगरपालिका म्हणाली, राहत्या वस्तीत पुरता येणार नाही. शेवटी दहनच केलं. राख तेवढी तिथं पुरली, तीच ती मागची समाधी. सावरकरांचं बरं झालं, ‘विद्युतदाहिनीत न्या, माझ्यासाठी दुकानं बंद ठेवू नका, श्राद्ध-पिंड नको’ असं लिहिलेलं, तर ६६ साली चंदनवाडीला विद्युतदाहिनी मिळाली. हे सांगताना ह्यांचा चेहरा असा, जणू नंबर लावूनच आलेत.

मी म्हटलं, जोतिरावांचं अर्धंच काय सांगता? टिटवं, म्हणजे अग्नीचं मडकं, धरायची वेळ आली तेव्हा भाऊबंद आडवे आले, मुलगा यशवंत दत्तक म्हणून. मग सावित्रीबाई पुढं झाल्या, टिटवं धरलं, अग्नी त्यांनी दिला. त्या काळात हो! आणि यशवंत म्हणजे आपल्या हडपसरचा जावई, ससाण्यांचा. १८९७ च्या प्लेगात त्यानं इथंच ससाण्यांच्या मळ्यात दवाखाना उघडला. मुंढव्याचं आजारी पोर सावित्रीबाईंनी पाठीवर घालून तिथं आणलं, स्वतःला लागण करून घेतली, १० मार्चला गेल्या. त्या माउलीला यादी करायला वेळ कुठला?

तर आता मुद्द्याचं. यादीत चहावाल्याचा नंबर आहे, कुठल्या बहिणीला फोन कुणी करायचा तेही आहे, कारण धाकटीला आधी कळलं की थोरली रुसते. अग्नी कोण देणार? ‘चिरंजीव.’ चिरंजीव अमेरिकेत! त्याला रजा मिळून विमान मिळेस्तोवर ह्यांना शवागारात ठेवू काय मी? आणि एवढ्या तीन पानांत माझं नाव एकदाच. ‘लॉकरची किल्ली हिच्याकडे.’

डोकंच फिरलं माझं. पेन घेतलं, चिरंजीव खोडला आणि वर ठसठशीत लिहिलं, टिटवं मी धरणार, अग्नी मी देणार.

लोक काय म्हणतील? म्हणू देत की. बायका स्मशानात येत नाहीत म्हणणारे निम्मे फाटकाबाहेर मोबाईलच बघत बसलेले असतात. देहदानाचंही मी काढून बघितलं होतं, पण नुसता फॉर्म भरून काय होतंय, वेळेवर फोन तर मागच्यांनीच करायचा. शेवटी सगळं मागच्यांवरच येतं ना? मग मागच्यांना विचारा तरी!

फाईल जागच्या जागी ठेवून दिली. हे काही बोलले नाहीत, मला वाटलं रुसले. आज सकाळी उघडून बघते, तर माझ्या ओळीखाली त्यांच्या बारीक अक्षरात नवीन कलम, ‘हिला धुराचा त्रास होतो, तेव्हा विद्युतदाहिनीच बघावी.’

आता बोला! मी खाली सही ठोकली.