आता लागतंय बघा

व्यंकटेश माडगूळकरांनी 1949 साली 'माणदेशी माणसं'त आमच्या मुलखातले एकाहून एक नमुने टिपून ठेवले. क्लिपवाले गुरुजी तेवढे त्यांच्या तावडीतून सुटले, कारण पॉवरपॉइंट निघायलाच अजून 38 वर्षं होती. आज म्हसवडात आणि आसपासच्या कुठल्याही वाडीत कार्यक्रमाला जा, गुरुजी हजर. केंद्राची शिक्षण परिषद असो, मुख्याध्यापकांचा सेवापूर्ती समारंभ असो, ग्रामसभा असो की बचत गटाचा मेळावा, गुरुजींची पीपीटी ठरलेली आणि पीपीटीत क्लिप ठरलेली. नुसत्या मजकुराची स्लाइड त्यांना आळणी लागते. प्रास्ताविकातच ते सांगून टाकतात, "मी बोलण्यापेक्षा आपण एक छोटीशी क्लिपच बघू." हे वाक्य कानावर पडलं की मागच्या रांगेतली जाणती मंडळी सावकाश चंची सोडतात. पान जमवून, चुना लावून, तोंडात घालून होईपर्यंत पडद्यावर काही यायचं नाही, हे त्यांना अनुभवानं ठाऊक असतं.

गुरुजी तसे बेताच्या उंचीचे. शर्ट खोचलेला, खिशाला दोन पेनं, आणि गळ्यात लाल नाडीला अडकवलेला पेनड्राइव्ह. पण त्यांना ओळखायचं ते पिशवीवरून. ती एकदा उघडी पडली तेव्हा आत डोकावायला मिळालं. चार तऱ्हेच्या वायरी, तीन पिनांचं दोन पिनांत करायचं खटकं, गुंडाळलेला बोर्ड, चिकटपट्टी, खिडकीला लावायची काळी चादर, दोन सीड्या, आणखी तीन पेनड्राइव्ह आणि कुठल्याशा मोडीत गेलेल्या प्रोजेक्टरचा रिमोट. यातली एकही वस्तू हौसेनं घेतलेली नाही. प्रत्येकीमागे एक फजिती आहे, आणि गुरुजींना ती तारीखवार पाठ आहे.

पहिली फजिती दहिवडीच्या प्रशिक्षणातली. गुरुजींनी सिद्धनाथाच्या रथाची क्लिप घातली होती. मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेला सिद्धनाथ-जोगेश्वरीचा रथ निघतो, गुलाल-खोबऱ्याची उधळण होते, 'चांगभलं'च्या गजरात कुणाचं कुणाला ऐकू येत नाही. असला देखावा असताना क्लिप न घालणारा माणूस म्हसवडचा कसला? घरी गुरुजींनी ती वीसदा लावून पाहिली, वीसदा लागली. दहिवडीत मात्र पडद्यावर रथाचा एक फोटो आला आणि रथ तिथंच रुतून बसला. झालं असं होतं, की त्या काळच्या पॉवरपॉइंटमध्ये व्हिडिओ घातला असं नुसतं वाटायचं. तो फाइलच्या पोटात जायचाच नाही. स्लाइडवर राहायचा फक्त त्याचा पत्ता: अमुक ड्राइव्ह, तमुक फोल्डर. पत्ता म्हसवडच्या घरातल्या कम्प्युटरचा आणि कार्यक्रम दहिवडीला! दुसऱ्या कुणी पुढच्या वेळी पीपीटी आणि व्हिडिओ एकाच फोल्डरात ठेवून आणले असते. गुरुजींनी घरचा सीपीयूच आणला. गाडीवर मागं एक विद्यार्थी, त्याच्या मांडीवर सीपीयू, वर टॉवेल.

मग 2010 ची आवृत्ती आली आणि व्हिडिओ फाइलच्या आतच मुक्कामाला राहू लागला. गुरुजींनी पेढे वाटायचे तेवढे बाकी ठेवले. पण आता फाइल इतकी फुगली, की उघडायला घेतली तर सभागृहातल्या माणसाचं चहा पिऊन व्हायचं. शिवाय मोबाइलवर काढलेला व्हिडिओ शाळेच्या कम्प्युटरला कळेना. आवाज यायचा, चित्र नाही. फाइलच्या नावापुढं एमपीफोर दिसलं म्हणजे झालं असं नसतं; आत चित्र कुठल्या पद्धतीनं आवळून भरलंय ते उलगडणारं यंत्रात असावं लागतं. हे गुरुजी आता शिक्षण परिषदेत फळ्यावर आकृती काढून सांगतात. सांगतात फार छान. क्लिप लागेपर्यंत सांगत राहतात.

सगळ्यांत थोर फजिती काळ्या चौकोनाची. जुन्या मशिनींत व्हिडिओचं चित्र एका वेळी एकाच पडद्यावर उतरायचं, दुसऱ्याच्या वाट्याला नुसतं काळं. गुरुजी लॅपटॉपपाशी वाकलेले, पाठ पडद्याकडं. त्यांना समोर रथ दिसतोय, गुलाल दिसतोय. "बघा, बघा, काय ती गर्दी! डावीकडच्या कोपऱ्यात आमचे चुलते दिसतील." लोक डावीकडचा कोपरा निरखून बघतायत. तिथं कोळशाच्या पोत्यासारखा अंधार. तीन मिनिटं असं चाललं आणि संपल्यावर लोकांनी टाळ्याही वाजवल्या. आमच्याकडं पाहुण्याचं मन मोडत नाहीत.

आवाजाचं प्रकरण वेगळंच. जाड निळ्या पिनेच्या वायरीतून फक्त चित्र जायचं, म्हणून आवाजाची वायर निराळी. पुढं एचडीएमआय आली आणि तिच्यातून चित्राबरोबर आवाजही निघून जायला लागला. जातो कुठं, तर प्रोजेक्टरच्या पोटातल्या बारक्या स्पीकरला. दोनशे माणसांच्या मांडवात 'चांगभलं' डासासारखं गुणगुणतं. सेटिंगात जाऊन आवाज पुन्हा लॅपटॉपकडं वळवता येतो, गुरुजींना ते पाठही आहे. पण ऐन वेळी साउंडवाल्याचा धीर सुटतो. तो तरातरा येतो, माइक काढतो आणि लॅपटॉपच्या कीबोर्डवर आडवा ठेवून जातो. मग रथाच्या गजरात गुरुजींचं कुजबुजणं सगळ्या गावाला ऐकू येतं: "आरं, हे कुणी केलं? हात नका लावू. आता लागतंय बघा."

बचत गटाच्या मेळाव्यातला प्रसंग तर अजून सांगतात. म्हसवडच्या बायका हिशेबाला कशा आहेत ते सगळ्या देशाला माहीत आहे. माणदेशी महिला बँक काढताना लिहिता-वाचता येत नाही म्हणून पहिला अर्ज फेटाळला गेला, तेव्हा याच मुलखातल्या बायका रिझर्व्ह बँकेच्या अधिकाऱ्यांना सांगून आल्या, की मुद्दल सांगा, व्याज आम्ही तोंडी काढतो, तुमचे अधिकारी कॅल्क्युलेटरवर करू देत. बँक 1997 साली उभी राहिली. अशा बायकांपुढं गुरुजी चक्रवाढ व्याजाची क्लिप घेऊन उभे राहिले. "समजा, सुमनताईंनी दहा हजार रुपये घेतले..." आणि क्लिक केलं.

आता इथं गुरुजींच्या हाताचा स्वभाव समजून घ्यायला पाहिजे. क्लिक केल्यावर व्हिडिओ सुरू व्हायला दोनतीन सेकंद लागतात. तेवढा दम गुरुजींच्या बोटाला नाही. ते दुसऱ्यांदा दाबतात. पहिल्या दाबानं व्हिडिओ सुरू होणार असतो, दुसऱ्यानं तो थांबतो. थांबला म्हणून तिसऱ्यांदा दाबतात, तेव्हा सुरू होतो. पण चौथं बोट आधीच निघालेलं असतं. पाचवं चित्राच्या बाहेर पडतं आणि स्लाइडच पुढं सरकते. 'धन्यवाद' असं गुलाबाच्या फुलासकट पडद्यावर येतं. गुरुजी मागं येतात, पुन्हा पहिल्यापासून. हे चाललेलं असताना पुढं बसलेली एक आजी बोटांच्या पेरांवर काहीतरी मोजत होती. तिनं मान वर केली.

"गुरुजी, टक्का कितीचा म्हनला?"

"बारा. वर्षाला. आजी, एक मिनिट, आता लागतंय बघा."

"आन् मुदत?"

"दोन वर्षं."

"पंचवीसशे चव्वेचाळीस याज झालं. म्होरं सांगा."

क्लिप पाच मिनिटांनी लागली. तिच्यात उत्तर तेच आलं, तेव्हा आजीनं मान डोलावली. "बराबर हाय तुमचं मशीन."

गुरुजींना मनापासून हेवा वाटतो तो रेडिओवाल्यांचा. गावात 'माणदेशी तरंग' हे सामुदायिक रेडिओ केंद्र आहे. "त्यांचं बरं आहे," गुरुजी म्हणतात, "नुसतं बोलायचं." पण तुम्हीही नुसतं बोला की, असं म्हटलं तर दुखावतात. लोकांचा हल्ली शब्दावर विश्वास राहिलेला नाही, लोकांना दिसलं पाहिजे, असं त्यांचं मत. आणि ते अगदीच खोटं म्हणवत नाही. वॉटर कप या जलसंधारणाच्या स्पर्धेच्या हंगामात हातात टिकाव घेतलेल्या गावांच्या क्लिपा बघूनच माणसं उन्हात डोंगरावर चर खणायला गेली. 2018 ला आमच्या माण तालुक्यातल्या टाकेवाडीचा राज्यात पहिला नंबर आला. ती क्लिप गुरुजींकडं सात ठिकाणी साठवलेली आहे: लॅपटॉपात, चारही पेनड्राइव्हमध्ये, मोबाइलमध्ये आणि बायकोच्या मोबाइलमध्ये. इंटरनेटवर ठेवत नाहीत. "ऐन वेळी रेंज गेली मग?" माणदेशातल्या माणसाचा हा हिशेब मला पटतो. इथं आडाला पाणी असलं तरी बाया घरातले सगळे हंडे भरून ठेवतात, आणि वैरण पुढच्या वर्षीची आधी बघतात. गुरुजींचं फक्त एवढंच चुकतं, की त्यांची तयारी नेहमी गेल्या वेळच्या दुष्काळाची असते.

परवाच्या सेवापूर्ती समारंभात मात्र कमाल झाली. निवृत्त होणाऱ्या मुख्याध्यापकांवर नऊ मिनिटांची फिल्म होती. गुरुजी दोन तास आधी आले. आवाज तपासला, खिडकीला चादर लावली, क्लिप आपोआप सुरू होईल असं करून ठेवलं आणि बोटाला काम नको म्हणून दोन्ही हात पाठीमागं बांधून उभे राहिले. स्लाइड आली. चित्र आलं. आवाज आला! मुख्याध्यापकांचं लग्न पडद्यावर सुरू झालं, मंगलाष्टका स्पष्ट ऐकू आल्या. मागच्या रांगेतल्या मंडळींची पानं अजून लावायचीच होती, त्यांची धांदल उडाली. अक्षता पडणार, तोच लाइट गेली.

मांडवात 'अरेरे' झालं. मी गुरुजींकडं पाहिलं. मला वाटलं होतं, माणूस खचला असेल. पण अंधारात त्यांचा आवाज आला तो असा खणखणीत, की मागच्यांनाही माइक लागला नाही. "यात आपली काही चूक नाही! सगळ्यांनी बघितलंय, लागली होती!"

त्यानंतरच्या ग्रामसभेला गुरुजी आले तेव्हा पिशवी होतीच, शिवाय मागून दोन पोरं एक बॅटरी उचलून आणत होती. ती चावडीच्या पायरीवर टेकवली, तसं पारावरच्या तात्यांनी विचारलं,

"गुरुजी, बाकीचा ट्रॅक्टर कवा येतुया?"