जिथे पार्किंग तिथे इतिहास

मुंबईत कुठली वास्तू किती महत्त्वाची, हे पुरातत्त्व खातं ठरवत नाही, इतिहासकार ठरवत नाहीत आणि युनेस्को तर नाहीच नाही. ते 'मुंबई दर्शन'च्या बसचा ड्रायव्हर ठरवतो. निकष एकच: गाडी लावायला जागा आहे का? जागा असेल तर वास्तू प्रेक्षणीय, तिथे अर्धा तास. नो पार्किंगची पाटी असेल तर 'डावीकडे बघा'. आणि पाटीखाली वाहतूक हवालदार उभा असेल, तर तिथे मुळी इतिहास घडलेलाच नसतो.

हा सिद्धांत मला गुहागरच्या आत्यामुळे गवसला. तिला मुंबई दाखवायचा विषय घरात निघाला तेव्हा प्रत्येकाला एकदम महत्त्वाची कामं आठवली. मला वेळेवर काही सुचलं नाही, म्हणून मी गेलो.

बस दादरहून आठला सुटणार होती. आठला क्लीनर आला, साडेआठला ड्रायव्हर, आणि पावणेनऊला गाइडने माइकवर "हॅलो, चेक" म्हटल्यावर बस सुटल्याचं जाहीर झालं. प्रत्यक्ष ती नंतर सुटली. सीट पुशबॅक होती. म्हणजे एकदा मागे गेली ती शेवटपर्यंत मागेच राहिली. आमच्या मागे घरचा डबा घेऊन निघालेलं एक गुजराती कुटुंब होतं, पुढे नांदेडचं नवं जोडपं, आणि शेजारच्या रांगेत सार्वजनिक बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले एक ओव्हरसियर. त्यांच्या हातात वही होती. प्रत्येक ठिकाणी ते एकच प्रश्न विचारत, "किती साली बांधलं?"

गाइड तीन भाषा बोलत असे, आणि तिन्ही एकाच वाक्यात. "चलो पब्लिक, डावीकडे जुओ, सीएसटी!" आम्ही बसलो होतो उजवीकडे. आत्या उठून वाकेपर्यंत घुमट मागे पडला. फ्रेडरिक स्टीव्हन्सची ती इमारत बांधायला दहा वर्षं लागली होती. आम्हाला दहा सेकंद मिळाले. २००४ पासून ती जागतिक वारसा आहे, पण जगात आमची बस धरलेली नसावी. उजवीकडच्यांना तेवढ्या वेळात महापालिकेचं मुख्यालय दिसलं. तेही त्याच स्टीव्हन्सचं काम. पण गाइडने 'डावीकडे' म्हटलेलं असल्यामुळे ते कुणी बघितलं नाही.

गेटवेला मात्र अर्धा तास मिळाला. राजे पंचम जॉर्ज आणि राणी मेरी १९११ साली इथे उतरले, त्याच्या स्मरणार्थ ही कमान बांधली, असं गाइडने सांगितलं. ओव्हरसियरांनी वही उघडली. "आणि पुरी कधी झाली?"

"१९२४."

"म्हणजे पाहुणे येऊन गेल्यावर तेरा वर्षांनी स्वागताची कमान?" त्यांचा चेहरा उजळला. "आणि लोक नावं ठेवतात आमच्या खात्याला!" उरलेला दिवसभर ते अत्यंत प्रसन्न होते.

ज्यांना पार्किंग नाही अशा वास्तूंचं नशीब सिग्नलवर अवलंबून असतं. दिवा हिरवा असेल तर उच्च न्यायालयसुद्धा 'जुनी बिल्डिंग'. ओव्हल मैदानापाशी दिवा लाल झाला आणि राजाबाई टॉवरचं भाग्य उजळलं. "दोनशे ऐंशी फूट! शेअर बाजारातले बडे आसामी प्रेमचंद रायचंद, त्यांनी पैसे दिले, पण अट घातली, की टॉवरला त्यांच्या आईचं..." एवढ्यात दिवा हिरवा झाला. "पुढे बघा, मरीन ड्राइव्ह!"

"अरे, आईचं काय?" आत्या कळवळली. नाव द्यायचं, एवढंच. राजाबाई ही त्यांची आई, हे मी सांगितलं तेव्हा कुठे तिने समुद्राकडे पाहिलं.

महात्मा गांधींनाही या नियमातून सूट नाही. १९१७ ते १९३४ या काळात मुंबईत आले की ते गावदेवीच्या मणिभवनात उतरत. रौलेट कायद्याविरुद्धच्या सत्याग्रहाची हालचाल तिथूनच झाली. पण त्या रस्त्यावर मोठी बस नेणं ड्रायव्हरला पटत नव्हतं. "इथून आत गेलं की गांधीजी," असं सांगून गाइडने हात केला आणि आम्ही सगळ्यांनी एका औषधाच्या दुकानाला भक्तिभावाने नमस्कार केला.

मलबार हिलला मात्र बस लागली, त्यामुळे हँगिंग गार्डनला भरपूर वेळ. नांदेडच्या नवरदेवाने सगळी बाग पालथी घालून विचारलं, "पण लटकतंय कुठं?" बाग लटकत नाही, तिच्या पोटात पाण्याचा मोठा जलाशय आहे आणि १८८१ च्या सुमारास त्याच्यावर ती उठवली, हे कळल्यावर आत्या म्हणाली, "म्हणजे टाकीवर झाडं लावलीत. आमच्या बंड्याने गच्चीवर हेच केलं तेव्हा केवढा आरडाओरडा झाला होता!"

खरा प्रसंग घडला हाजीअलीला. गाइडने माइक तोंडाशी नेला. "हाजीअली दर्गा! भरतीच्या वेळी रस्ता पाण्याखाली जातो. सध्या भरती आहे, म्हणून बसमधूनच दर्शन घ्यायचं."

आत्याने घड्याळ पाहिलं. बारा वाजत होते. ती उभी राहिली. "अहो भाऊ, आज अष्टमी. तिथीची पाऊणपट करायची. आठाची पाऊणपट सहा. म्हणजे सहाला पूर्ण भरती आणि बाराला पूर्ण ओहोटी. आत्ता तिथले दगड मोजता येतील."

बस चिडीचूप. सगळ्या माना खिडकीकडे वळल्या. रस्ता कोरडा ठणठणीत होता आणि त्यावरून माणसं आरामात चालली होती. गाइडने माइक बंद केला, आत्याजवळ आला आणि हळूच म्हणाला, "मावशी, पाण्याची नाही, गाड्यांची भरती आहे. इथे बस लावली की चलान माझ्या पगारातून जातं."

यावर आत्याने त्याला डब्यातला लाडू दिला. कोकणी माणूस गणितात हरत नाही, पण खऱ्या बोलण्यापुढे विरघळतो.

जेवणानंतर बस एका प्रशस्त आवारात शिरली. वर शेड, खाली फरशी, मागे आणखी चार बसना जागा. इतकं सुंदर पार्किंग आम्ही सकाळपासून पाहिलं नव्हतं. हे चादरींचं दुकान होतं. इथे एक तास! ओव्हरसियरांनी सवयीने विचारलं, "किती साली बांधलं?" गाइडने उत्तर दिलं नाही, पण परतताना त्याच्या हातात एक पिशवी होती आणि मालक त्याला दारापर्यंत सोडायला आला होता. ओव्हरसियरांनी प्रत्येक स्थळापुढे मिनिटं मांडून बेरीज केली. चादरींचा नंबर पहिला आला.

मग सी-लिंक. समुद्रावरचा साडेपाच किलोमीटरहून लांब पूल, २००९ साली खुला झालेला, आणि थांबायला सक्त मनाई. त्यामुळे सर्वांच्या फोटोंत समुद्र कमी आणि समोरच्याचं डोकं जास्त. वांद्र्याला आणि जुहूला नटांचे बंगले 'दाखवले', म्हणजे कुंपणाच्या भिंती दाखवल्या. एका फाटकावरच्या रखवालदाराने बसकडे बघून हात हलवला. आत्यानेही हलवला. गुजराती कुटुंबाने त्याचा फोटो काढला.

बसवाल्यांची थट्टा करणं सोपं आहे. मीही ती भरपूर केली. पण हाजीअलीला आमच्यामागे हॉर्न वाजवणारे मुंबईकर आणि खिडकीतून माना काढणारे आम्ही, दोघेही एकाच टंचाईचे बळी होतो. फोर्टात एक सोडून दोन जागतिक वारसे आहेत: सीएसएमटी, आणि २०१८ साली मान्यता मिळालेला ओव्हलभोवतीचा व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको इमारतींचा समूह. ते बघायला आलेल्यांच्या बसना वीस मिनिटं टेकायला हक्काची जागा द्या, गाइड लोक राजाबाईची गोष्ट पुरी करतील. त्यांना ती येते, मी ऐकली आहे.

तोवर पाहुणे आले की एवढं करा. जुहू-वांद्रे खुशाल बसने दाखवा. पण रविवारी सकाळी त्यांना सीएसएमटीला उतरवा आणि रमतगमत गेटवेपर्यंत पायी न्या. अंतर अडीच-तीन किलोमीटर आहे, आणि पायांना अजून कुणी पार्किंग मागितलेलं नाही.